बारा नंबर कोणाच्या दंडावर?

१

कपाटात अकरा रिकामी खोकी होती. बारावं, भरलेलं खोकं मात्र नव्हतं.

सुचिता मॅडमनं लसीकरणाची रजिस्टरं बाहेर काढली, लोहाच्या गोळ्यांचे डबे हलवले, गुडघ्यावर बसून कपाटाखाली मोबाइलचा उजेड मारला. मग ती तशीच फरशीवर बसून राहिली.

"गेलं, सिंधूताई. येत्या शुक्रवारी पुण्याहून बाई तपासणीला येणार, आणि माझ्या सहीनं घेतलेलं यंत्र गायब."

"गायब म्हंजे काय, त्याले पाय हायेत काय? इथंच असन." असं म्हणत सिंधूताईंनी सगळं कपाट पुन्हा उपसलं. नव्हतंच.

कवठखेड हे पिंपळगाव राजाच्या पुढं पाच किलोमीटरवरचं गाव. सुचिता तिथल्या उपकेंद्राची आरोग्य अधिकारी, नाशिककडची, नोकरीचं पहिलंच वर्ष. सिंधूताई गावच्या आशा सेविका. सतरा वर्षं त्याच गल्ल्या तुडवल्यामुळं कोणाच्या घरी पाळणा हलणार, कोण सुनेशी बोलत नाही, कोणाचा खोकला बिडीचा आणि कोणाचा दुसरा, हे त्यांना घरबसल्या ठाऊक असायचं.

आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, उपकेंद्रात शिबिर झालं होतं. पुण्याच्या एका संस्थेनं मधुमेहाच्या बारा रुग्णांसाठी नवी यंत्रं दिली होती. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी पांढरी चकती, दंडाच्या मागं चिकटवायची. तिच्या पोटात केसासारखी तार, ती कातडीखाली जाऊन बसते. तारेच्या टोकाला लावलेलं द्रव्य साखरेला भेटलं की इवलीशी वीज निघते, आणि त्या विजेवरून चकती दर पाच मिनिटांनी अंगातली साखर ओळखते. तो आकडा सोबतच्या काडेपेटीएवढ्या डबीवर दिसतो, आणि डबीतलं सिम तोच आकडा थेट उपकेंद्रातल्या टॅबवर पाठवतं.

अकरा जणांना चकत्या लागल्या. बारावी सोजराबाईंची होती, पण त्या ऐनवेळी लेकीकडे देऊळघाटला निघून गेल्या, म्हणून ते खोकं कपाटात राहिलं. कपाटाला नुसती कडी. खोलीला मात्र सिंधूताईंनी स्वतः कुलूप घातलं होतं, आणि ते आज सकाळी जसंच्या तसं होतं.

"म्हणजे कुलूप लागायच्या आधीच गेलं," सुचिता म्हणाली. "शेवटी आतल्या खोलीत कोण कोण होतं?"

सिंधूताईंनी बोटांवर मोजलं. "किसनराव, सात नंबरवाले. शाळेच्या गाडीवाला जीवन, म्हाताऱ्यायले घेऊन आला होता. चहा घेऊन आलेली भिमाबाई. आन तीन नंबरवाले गुलाबभाऊ. थे तर निंघतच नव्हते."

"त्यांना मीच थांबवलं होतं. चष्मा घरी विसरले होते ते. तरी चकती कशी दाबायची, डबी कशी सुरू करायची, सगळं दोनदा करून दाखवलं."

"मंग चारच झाले. चौघायले विचारू."

तेवढ्यात टेबलावरचा टॅब टिंग करून वाजला. अकरा नावांच्या खाली बारावी ओळ उजळली होती. नाव नव्हतं, नुसतं 'क्रमांक १२'. समोर आकडा होता: २३१.

सुचिता ताडकन उठली. "ताई, ज्यानं नेलं त्यानं ते अंगावर लावलंय!"

२

सिमवरून घर सापडेल का, हे तिनं फोन करून विचारलं. सगळ्या गावाला एकच टॉवर, तेव्हा त्यातून काही निघेना. मग तिच्या मनात भोंग्यावरून पुकारा करायचं आलं.

"खबरदार!" सिंधूताई म्हणाल्या. "पुकारा केला की थो माणूस लाजंल, चकती उपटून हिरीत टाकंल. आता निदान थो आपल्याशी बोलून तरी राह्यला. मले दोन-चार दिवस द्या."

पहिल्यांदा त्या जीवनकडे गेल्या. पिवळी गाडी धुता धुता त्यानं सिंधूताईंना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काऊन रे जीवन, शुक्रवारी दवाखान्यामागं काय लपवून राह्यला होता?"

"काही नाई ना, ताई."

"शर्ट काढ."

"काय?"

"दंड दाखव म्हणते मी."

दंड कोरे होते. पण खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी पडली. गाडीत पोरं बसतात म्हणून गुरुजींनी खर्रा सोडायची शपथ घातली होती, आणि जीवन ती दवाखान्यामागं मोडत होता. "गुरुजीले सांगू नका, ताई," तो गयावया करू लागला. सिंधूताईंनी पुडी नालीत टाकली. तरी चकती काढून ठेवली नसेल कशावरून, म्हणून त्यांनी त्याचं नाव मनातून खोडलं नाही.

भिमाबाई शाळेत खिचडी शिजवायची. ती तर विचारायच्या आधीच रडू लागली. "चुकलं माह्यं, ताई. पर पाहुण्याले बिनसाखरेचा चहा द्याचा कसा वं? मले नाई झालं थे. मी दोन दोन चमचे टाकले."

सिंधूताईंनी परत येऊन हे सांगितल्यावर सुचितानं टॅब उघडला. शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी अकराच्या अकरा रेषा एकदम उड्या मारून वर गेल्या होत्या. दोघी पोट धरून हसल्या. दोन दिवसांत सुचिता पहिल्यांदाच हसत होती.

किसनरावांचं तिसरंच. ते शिबिर संपल्यावर पुन्हा आत गेले होते, हे सिंधूताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"गेलो होतो ना," वांग्यांच्या वाफ्यात उभे राहून ते म्हणाले. "मॅडमले विचाराचं होतं, हे माह्या बैलाले लावता येईन काय? थो सुस्त झाला. पर मॅडम कामात होती, मंग आलो परत."

सिंधूताईंनी गोठ्यात जाऊन बैलाचीसुद्धा पाहणी केली. बैलानं त्यांच्या पदराचं टोक चघळलं, बाकी काही सापडलं नाही.

सोमवारी दुपारी त्या उपकेंद्रात शिरल्या तर सुचिता टॅबकडे टक लावून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, चोरी गेली खड्ड्यात. हे माणूस मरेल."

३

क्रमांक बाराची रेषा सकाळी बऱ्यापैकी उंच असायची. मग ती उतरू लागायची आणि बाराच्या सुमाराला साठाच्याही खाली. रविवारी ६२, सोमवारी ५८.

"औषध न घेणाऱ्याची साखर अशी घसरत नाही," सुचिता म्हणाली. "हे माणूस स्वतःच्या मनानं गोळ्या खातंय, आणि गोळी घेऊन उपाशी राहतंय. अशा वेळी घाम सुटतो, हात कापतात, मग भोवळ. तेव्हा ते विहिरीवर असेल तर? चुलीपुढं असेल तर? आणि जीवन असेल तर? गाडीत एकवीस लेकरं असतात."

आता सिंधूताईंचं हसू मावळलं. चौघांतले राहिले होते गुलाबराव. मंगळवारी बारा वाजून गेल्यावर त्या त्यांच्या घरी पोचल्या.

गुलाबराव नुकतेच जेवून ओसरीत सुपारी कातरत बसले होते. बाह्या वर करून त्यांनी आपली चकती अशी दाखवली, जसं काही सरकारनं पदक दिलंय. मग त्यांनीच तक्रार सुरू केली.

"सिंधू, तुह्या दवाखान्यात लबाडी चालू हाये. महिन्याच्या गोळ्या मोजून आणल्या मी. आज पाह्यल्या तं आठ कमी! पाकीट भरताना कमी टाकून राह्यले तुमचे लोक."

"आठ? मोजल्या नीट?"

"दोनदा. चष्मा लावून."

आतून पुष्पाबाई, त्यांच्या घरच्या, चहा घेऊन आल्या. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, तरी अंगात कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. ओठांवर घामाचे थेंब. कपबशी किणकिणली तशी सिंधूताईंनी ती पुढं होऊन धरली.

"लेक कधी येऊन राह्यली माहेरी, अपेक्षा, वयनी?"

पुष्पाबाईंचा चेहरा उजळला. "ह्याच महिन्यात. पह्यलं बाळंतपण हाये. बाजेपासून डिंकापर्यंत सारं करून ठेवलं मी."

"जेवल्या काय?"

"होईन ना सावकाश. ह्यायचं जेवण आत्ताच झालं."

गुलाबरावांनी तोवर आपल्या आजाराची पूर्ण हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली होती. सिंधूताई कशाबशा सुटल्या. वाटेनं त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. रोज दोन. आठ.

त्या रस्त्यातच थबकल्या. बारा नंबर जागा झाला तोही शनिवारीच.

४

"गोळ्या गुलाबभाऊच्याच घरच्या," बुधवारी त्यांनी सुचिताला सांगितलं. "पर खाते कोण? त्यायच्या ओसरीत दिवसभर लोक बसून राह्यते. कोणीबी हात मारंल."

सुचितानंही रात्रभरात एक गोष्ट हेरली होती. तिनं बाराची रेषा मोठी करून दाखवली. रेषेत खिंडारं होती. सकाळी सातच्या सुमाराला अर्धा तास, संध्याकाळी पुन्हा अर्धा तास.

"डबीला चकतीचं बोलणं वीस पावलांपर्यंतच ऐकू येतं. त्यापलीकडं माणूस गेलं की रेषा तुटते. आता सांगा, जीवननं डबी घरी ठेवली असती तर?"

"दिवसभर रेषाच नसती. थो सांजीलेच येते घरी."

"आणि खिशात घेऊन हिंडला असता तर?"

"मंग खिंडार कायले पडंल?"

"बरोबर. किसनराव शेतात, भिमाबाई दहा ते दोन शाळेत. त्यांचंही तेच. ही डबी एका घरात एका जागी ठेवलेली आहे, आणि माणूस जवळपास सगळा दिवस त्याच घरात असतं."

सिंधूताईंनी मान हलवली. चौघांतले तिघे गळाले होते. उरले एकटे गुलाबराव, जे दिवसभर ओसरी सोडत नाहीत, आणि ज्यांच्या दंडावर आधीच तीन नंबर आहे.

"एक माणूस दोन दोन चकत्या लावंल काय?"

"लावल्या तर दोन्हींवर जवळजवळ एकच आकडा येईल. तीन नंबरचा दुपारचा आकडा तर चांगला आहे. म्हणजे तेही नाहीत."

चार जण होते, आणि चौघंही नव्हते.

५

गुरुवारी सुचितानं बारा रेषांचे कागद छापून घेतले. उद्या पुण्याच्या बाईंसमोर फाइल ठेवायची होती. सिंधूताई सकाळपासून नुसत्या चहावर होत्या. शेगाव जवळ असल्यामुळं या भागात अर्ध्या गावाचा गुरुवार असतो. बारा वाजून गेले होते. कागद नंबरानं लावता लावता तीन आणि बारा एकाला एक चिकटून त्यांच्या हातात आले. सोडवायला म्हणून त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरले, आणि हात तसाच राहिला.

"मॅडम, इकडं या. हे डोंगर पाहा."

तीनच्या रेषेवर जेवणांचे उंचवटे होते. बाराच्या रेषेवरही होते. सकाळी चहाचा उंचवटा दोघांचा एकाच वेळी. दुपारचा मात्र तीनचा आधी, बाराचा थोडा पुढं. रात्रीचाही तसाच. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज तसंच. सिंधूताईंनी वरचा, बाराचा कागद बोटभर डावीकडं सरकवला. डोंगरावर डोंगर बसला.

"केवढं सरकलं हे?"

सुचितानं पट्टी लावली. "पाऊण तास. म्हणजे हे माणूस रोज तीन नंबर जेवल्यावर पाऊण तासानं जेवतं."

सिंधूताई खाली बसल्या. त्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः पंचवीस वर्षं अशाच जेवत होत्या. आधी घरधनी, मग सासरे होते तोवर सासरे, मग ताटं उचलायची, आणि मग आपली भाकरी.

"पुष्पावयनी," त्या म्हणाल्या. "सकाळ-सांज पाण्याले त्याच जाते, तवाच रेषा तुटते. आन भाऊचा चष्मा नव्हता, तं डबी कशी सुरू कराची हे तुम्ही दाखवलं कोणाले?"

सुचिता आठवू लागली. "त्यांच्या मिसेसना. त्यांच्या मागंच उभ्या होत्या."

"आन मी खोलीतली माणसं मोजली तवा चारच मोजली. पाचवी मोजलीच नाई मी. बाई असून नाई मोजली."

सुचितानं टॅब ओढला. तीन नंबर चढत होता, म्हणजे गुलाबराव जेवायला बसले होते. बारा: ६१. बाण खाली. "पाऊण तासात त्या जेवतील, तोवर आपण..."

"आज नाई जेवणार!" सिंधूताई चपला न घालताच दाराकडं धावल्या. "आज गुरुवार हाये!"

६

सुचितानं गुलाबरावांना फोन लावला. त्यांनी तो जेवता जेवता उचलला आणि आपला आजचा आकडा किती छान आहे ते सांगू लागले; तिला बोलूच देईनात. सिंधूताई तोवर मारुतीच्या देवळावरून आडव्या गल्लीत शिरल्या होत्या.

पुष्पाबाई मागच्या अंगणात हौदाशी होत्या. पुढ्यात पिळून ठेवलेलं लुगडं, पाठ घामानं चिंब. "वयनी!" म्हटलं तर त्यांनी मान वळवली, पण ओळख लागल्यासारखं दिसेना.

"कोण... अपेक्षा आली?"

सिंधूताई स्वयंपाकघरात घुसल्या, डब्यातली साखर मूठभर तांब्यात घातली, बोटांनीच ढवळली आणि तांब्या त्यांच्या तोंडाशी नेला. पुष्पाबाईंनी तेवढ्यातही तोंड फिरवलं.

"उपास हाये माहा."

"साखर उपासाले चालते वं! घे!"

ते मात्र पटलं. अर्धा तांब्या घशाखाली गेला. सुचिता धापा टाकत टॅब घेऊन पोचली. "चोपन्न... अजून चोपन्न..." दहा मिनिटं गेली. "बासष्ट. एकाहत्तर! चढतंय, ताई, चढतंय!"

पुष्पाबाईंच्या डोळ्यांत ओळख परतली. त्यांनी आधी पदर सावरला, मग सिंधूताईंचे अनवाणी पाय पाहिले आणि सगळं समजून त्या हमसून रडू लागल्या.

हाताला भाजी लागलेले गुलाबराव दारात उभे होते. "काय झालं? पुष्पे?"

तिथंच, हौदाच्या काठावर, सगळं बाहेर आलं. चार महिन्यांपासून तहान भागत नव्हती, तळपायाला मुंग्या येत होत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं आणि शेवटी तिचा पाय कापावा लागला. तपासणीत नाव निघालं असतं तर अपेक्षाला सासरीच बाळंत व्हायला सांगितलं असतं. आजारी आईच्या जिवावर कोण सून पाठवतं? म्हणून त्यांना आधी आपल्याआपण पाहायचं होतं. खोकं पिशवीत गेलं, शनिवारी चकती दंडावर चढली, पोलक्याच्या लांब बाहीखाली लपली. २३१ पाहून त्यांनी नवऱ्याच्या गोळ्या घेतल्या. लवकर गुण यावा म्हणून एकदम दोन.

"डबी देव्हाऱ्यामागं हाये," त्या म्हणाल्या. "परत देणार होती, मॅडम. खरंच."

गुलाबराव हौदाच्या काठावर टेकले. गोळ्या चोरल्याचा आरोप त्यांनी अख्ख्या दवाखान्यावर केला होता, हेही बहुधा आठवत असावं. शेवटी ते म्हणाले, "मी रोज सकाळी माही साखर तुले वाचून दाखवत होतो. तवा तुले एकदाबी म्हणावंसं नाई वाटलं?"

"तुमचंच संपत नव्हतं," पुष्पाबाई म्हणाल्या.

सिंधूताईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच. मग सुचिताही हसली, आणि मग स्वतः गुलाबराव. ते हौदावर हात धुऊन आत गेले आणि जरा वेळानं साबुदाण्याची उसळ घेऊन बाहेर आले. ताटली गरम होती म्हणून धोतराच्या सोग्यात धरली होती. "खाय. माह्यासमोर खाय. उद्यापासून दोन ताटं संगंच."

"मंग गरम भाकर कोण टाकन?"

"गार खाऊ दोघंबी."

शुक्रवारी पुण्याच्या बाई आल्या तेव्हा सुचितानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी दोन्ही कागद खिडकीशी धरून पाहिले, सरकवून पाहिले, आणि पुन्हा पाहिले. खोकं न विचारता नेलं याची नोंद त्यांनी केली. मग म्हणाल्या, "सोजराबाई दिवाळीपर्यंत येणार नसतील, तर बारा नंबरवर या बाईंचं नाव घाला. संमतीची सही घ्या. आणि आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवून गोळी ठरवून घ्या, त्यांची स्वतःची." पाय अजून शाबूत आहेत, वेळेत कळलं, असं खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. अपेक्षाच्या सासरीही गुलाबरावांनीच फोन केला, आणि बाळंतपण कवठखेडलाच होईल असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की ओसरीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

पुढच्या सोमवारी पुष्पाबाई तपासणीला उपकेंद्रात आल्या. काम आटोपलं तरी त्या उठेनात. सिंधूताई रजिस्टर भरत होत्या.

"सिंधू, एक विचारू? साऱ्या गावाची साखर तपासून राह्यली तू. तुही कवा तपासली?"

सिंधूताईंचं पेन थांबलं. सुचितानं मान वर केली. सतरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"मले काय होते?" सिंधूताई म्हणाल्या.

"मीबी असंच म्हणत होती," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सिंधूताईंचा हात ओढून टेबलावर घट्ट धरून ठेवला. "मॅडम, टोचा इचं बोट. सोडत नाई मी."

सुचितानं टोचलं. तिघी पाच सेकंद श्वास धरून त्या छोट्या यंत्राकडं पाहत राहिल्या.

१०४. ठाकठीक.

"आता घरी जा," पुष्पाबाई म्हणाल्या, "आन टायमावर जेव."